वाघोबाची शीव

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर दिवाळी वाघापासून सुरू होते. आश्विन वद्य द्वादशीला देशावर सवत्स धेनूची पूजा होते, ती वसुबारस. त्याच तिथीला सह्याद्रीच्या या उतारावरचे वारली, कोकणा, महादेव कोळी वाघबारस करतात. तिकडे गाईला ओवाळायचं, इकडे गाईवर झडप घालणाऱ्याला त्याचा मान द्यायचा. हा सण त्यांच्यातच बसून पाहावा असं बरीच वर्षं मनात होतं. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर शिकवणारे एक वारली शिक्षक ओळखीचे झाले, त्यांनी बोलावलं आणि मी निघाले.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे पडलं की एसटी तोरंगणच्या घाटाला लागते. पाऊस नुकताच सरलेला. डोंगरउतारांवर खुरासणी पिवळीधमक फुललेली, वरकस जमिनीत नागली आणि वरई कापणीला आलेली, खालच्या खाचरांत हळवं भात कापून पडलेलं आणि गरवं अजून उभं. मोखाडा गेलं, जव्हारच्या अलीकडे एका फाट्यावर सर मोटारसायकल घेऊन थांबले होते. वाटेत ते फारसं बोलले नाहीत. पाड्याच्या अलीकडे एका वळणावर मात्र त्यांनी गाडी हळू केली, डावीकडच्या गर्द झाडीकडे पाहून कपाळाला हात लावला आणि पुन्हा वेग घेतला. मी विचारलं तर म्हणाले, "वाघोबा हाय तिथं. उद्या जायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुराखी पोरं घरोघर फिरून तांदूळ, नागलीचं पीठ, गूळ, मिरच्या गोळा करत होती. ज्याची गुरं रानात जातात त्यानं वाटा द्यायचाच; गुरं नसलेल्यांनीही मूठभर दिलं. दहा-अकराच्या सुमाराला सगळे पुरुष आणि पोरं, मागोमाग काही म्हाताऱ्या बाया, असे गावाच्या शिवेवर निघालो. ऐनाच्या एका जुन्या झाडाखाली सागाच्या लाकडाची, कमरेएवढी उंच फळी जमिनीत रोवलेली होती. तिच्यावर कोरलेला वाघ अगदी साधा: एका रेषेत पाठ, वर वळलेली शेपूट, चार पाय. वरच्या अंगाला एका बाजूला सूर्य, दुसऱ्या बाजूला चंद्र, खाली नाग. शेंदराचे इतके थर बसलेले की कोरीव रेषा बोटानं चाचपूनच कळाव्यात. शेजारी आणखी एक फळी होती, वाळवीनं अर्धी खाल्लेली, वाघाचं फक्त मागचं अंग उरलेलं. ती जुनी. नवी बसवली म्हणून जुनीला कुणी हलवलेलं नव्हतं, आणि शेंदूर दोघींनाही लागला.

भगत सत्तरीच्या पुढचे असावेत. त्यांनी पळसाच्या पानांवर तांदळाच्या लहान लहान ढिगल्या मांडल्या, नारळ फोडला, मोहाच्या दारूची धार जमिनीवर सोडली आणि बोलायला लागले. मला वाटलं होतं मंत्र असतील, गाणं असेल. त्यांचा आवाज मात्र रोजच्या बोलण्याचा होता, थोरल्या चुलत्याशी वाटणीचं बोलावं तसा: आदरानं, पण आपली बाजू न सोडता. "आखा गाव आला हाय. तुजा वाटा तुला दिला. गेल्या साली दोन शेळ्या नेल्यास, आमी बोललो नाय. औंदा गुरांना हात लावू नको. पोरं रानात जातात, बाया लाकडाला जातात, त्यांच्यावर नजर ठेव." मध्येच त्यांनी मागे वळून कुणाला तरी विचारलं, त्या शेळ्या दोनच ना? तिकडून उत्तर आलं, तीन. एक पिल्लू होतं. भगतांनी पुन्हा फळीकडे वळून दुरुस्ती केली. तीन. मग कोंबडी कापली.

हिशेब चुकता कामा नये, ही ती दक्षता होती. समोरचा ऐकतो आहे, त्याला आठवतं, त्याला खोटं चालणार नाही, हे गृहीत धरल्याशिवाय माणूस असं बोलत नाही.

मग पोरांची पाळी आली. एकाच्या अंगावर कोळसा आणि राखेचे पट्टे ओढून त्याचा वाघ केला, दुसऱ्याचं अस्वल, एक बारकासा कोल्हा. बाकीच्यांनी काठ्या घेऊन त्यांना घेरलं आणि एकसुरात ओरडले, "आमच्या शिवारात येशील का?" वाघ गुरगुरला. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा तो ओरडला, "नाय येत!" आणि रानाच्या दिशेनं पळत सुटला, मागून सगळी झुंड. वाघ झालेला पोरगा दहा-बारा वर्षांचा असेल. परत आला तेव्हा त्याला खिरीचा पहिला द्रोण मिळाला, कारण वाघाचं आधी. झाडाखाली तीन दगडांवर शिजलेली ती तांदळाची खीर सगळ्यांनी तिथंच खाल्ली.

खाताना एका आज्यानं गोष्ट सांगितली. अशा गोष्टी पाड्यागणिक बदलतात. मी ऐकलेली अशी. एका बाईला लग्नाआधी मूल झालं. मुलगा दिसायला माणसाचा, पण मनात आलं की वाघ व्हायचा आणि लोकांची गुरं मारायचा. गाव चिडलं. आईनं त्याला समजावलं: तू रानात जा, गावात येऊ नको, हे लोक तुला शिवेवर जागा देतील आणि वर्षातून एकदा तुझा वाटा आणून ठेवतील. मुलानं मानलं, गावानंही मानलं. तेव्हापासून हे चालू आहे. वाघ गावाचाच मुलगा आहे, नकोसा झालेला, तरी नातं न तुटलेला. म्हणून त्याचा वाटा भीक होत नाही आणि त्याची भीती वैर होत नाही.

मी आज्याला विचारलं, वाटा देऊनही त्यानं शेळी नेली तर? "एकांदी नेली तर ती त्याची. रोज यायला लागला तर भगताला विचारायचं, आपलं काय चुकलं. पूजा राहिली का, शीव मोडली का." सरांनी पुस्ती जोडली की वनखात्याचा पंचनामाही करतात, नुकसानभरपाईचा अर्ज ते स्वतः कितीदा भरून देतात. दोन्ही गोष्टी एकाच सकाळी होतात आणि कुणाला त्यात अडचण वाटत नाही. आदिवासी श्रद्धेबद्दल लिहिताना माणसं काळाबाहेर उभी असल्यासारखं लिहायची आपली खोड फार जुनी आहे. या पाड्यावर मोबाइलला एका टेकाडावर रेंज येते, पोरं पोलीस भरतीची तयारी करतात, आणि वाघोबाच्या वाट्याला मूठभर तांदूळ देतात.

रात्री सरांच्या घरी मुक्काम. कुडाच्या भिंती, शेणानं सारवलेल्या. घरातल्या देवांच्या कोपऱ्यात मोरपिसांचा जुडगा बांधून ठेवला होता: हिरवा, घराचा देव. शेजारी नव्या भाताची लोंबी. सरांच्या आईनं सांगितलं, नवा दाणा आधी कणसरीला दाखवायचा, मग तोंडात घालायचा. कणसरी म्हणजे धान्य. धान्याची देवी असंही म्हणता येईल, पण त्या बोलत होत्या त्यावरून देवी आणि धान्य वेगळं काढायला त्यांना जमलं नसतं. कणसरीला पाय लावायचा नाही, ती रुसते, रुसली की कणगीत टिकत नाही. जमीन धरतरी, गाय गावतरी, पाऊस नारनदेव. पहिल्या पावसानंतर रानात कोळीची भाजी उगवते, तीही देवाला दिल्याशिवाय कुणी खुडत नाही. ज्या दिवशी गाव ठरवेल त्या दिवशी सगळ्यांच्या चुली एकदम.

शहरात हे सांगितलं की लगेच कुणी तरी म्हणतं, म्हणजे ही निसर्गसंवर्धनाची जुनी पद्धतच की! रोप थोडं वाढू द्यायचं, मगच खुडायचं. तसा परिणाम होतही असेल. पण त्या चुलीपाशी बसलं की हे स्पष्टीकरण तोकडं वाटतं. सरांच्या आई भाजीचं व्यवस्थापन करत नव्हत्या. भाजी आली म्हणजे कुणी तरी आलं, आणि आलेल्याला आधी रामराम करायचा, एवढं त्यांच्यासाठी पुरेसं होतं.

1871 साली एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञानं 'प्रिमिटिव्ह कल्चर' हा ग्रंथ लिहिला आणि अशा श्रद्धांना ॲनिमिझम हे नाव रूढ केलं. मराठीत आपण जडप्राणवाद म्हणतो. टायलरची मांडणी अशी की आदिम माणसानं स्वप्नांवरून, मृत्यूवरून आत्म्याची कल्पना केली, आणि मग ती झाडांना, दगडांना, जनावरांना लावली; धर्माच्या जिन्याची ही सगळ्यात खालची पायरी. शंभरेक वर्षं ही मांडणी पाठ्यपुस्तकांत राहिली. जव्हारच्या त्या भगतांसमोर बसून ती आठवली तेव्हा तिच्यातली उणीव ठळक झाली. लाकडाच्या फळीत आत्मा आहे की नाही, या प्रश्नात तिथं कुणालाच रस नव्हता. रस होता तो देण्याघेण्यात: कुणी कुणाला काय दिलं, कुणाचं काय राहिलं.

नुरित बर्ड-डेव्हिड या इस्रायली संशोधक निलगिरीच्या रानात नायक लोकांमध्ये राहिल्या. 1999 साली त्यांनी एक लेख लिहून या विषयाची दिशाच बदलली. त्यात वस्तीतल्या एका दगडाबद्दल एक नायक बाई सांगते की कंद खणताना हा आपल्याकडे आला, म्हणून वस्तीत आणला. रानातले सगळेच दगड काही तिच्यासाठी देव नव्हते. जो भेटीला आला, ज्याच्याशी संबंध जडला, तो. बर्ड-डेव्हिड म्हणतात की हे जग जाणून घेण्याचं एक साधन आहे, नात्यातून जाणून घेण्याचं. मला हे पटतं, कारण वाघबारशीला मी तेच पाहिलं. सगळी सागाची लाकडं वाघोबा नाहीत. ज्याच्याशी गावाचं बोलणं आहे, तो वाघोबा.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वळणानं गेला. इंग्रजांच्या जनगणनेत एके काळी आदिवासींसाठी 'ॲनिमिस्ट' असा रकाना होता. मालवणात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राची घडी बसवणारे गो. स. घुर्ये यांनी 1943 च्या आपल्या पुस्तकात याला कडाडून विरोध केला. आदिवासी म्हणजे मागासलेले हिंदू, असं त्यांचं म्हणणं. घुर्यांच्या व्यासंगाबद्दल आदर ठेवून मी म्हणेन की 'मागासलेले' या शब्दात टायलरचाच जिना परत आला. वारल्यांच्या घरी गणपती बसतो, चैत्रात डहाणूजवळच्या विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या जत्रेला झुंडीच्या झुंडी लोटतात, हे खरंच आहे. पण शिवेवरच्या फळीला त्यानं काही कमीपणा येत नाही. झारखंडच्या विधानसभेनं 2020 च्या नोव्हेंबरात जनगणनेत आदिवासींच्या सरना धर्मासाठी स्वतंत्र नोंद मागणारा ठराव केला, म्हणजे रकान्याचा प्रश्न संपलेला नाही. सरांना विचारलं, तुमच्या दाखल्यावर काय? "हिंदू वारली. वाघोबा त्या कागदावर मावत नाय, म्हणून त्याला शिवेवर ठेवलाय," असं म्हणून ते हसले, आणि लगेच गंभीर झाले. शाळेतल्या पोरांना वाघोबाबद्दल विचारलं तर काही जण आता मान खाली घालतात, हे त्यांना फार लागतं.

या भागात पट्टेरी वाघ उरलेला नाही. आज वाघोबाच्या नावानं जो वावरतो तो बिबट्या. आणि बिबट्या महाराष्ट्रात फक्त रानात राहत नाही. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्याच्या ऊसपट्ट्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. जिथं अभयारण्य नाही, दाट माणूसवस्ती आहे, तिथं दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे निघाले. त्याआधी, या शतकाच्या सुरुवातीला, जुन्नर भागात मोठ्या संख्येनं बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले होते. हेतू चांगला होता. नंतरच्या संशोधनात दिसलं की जिथं सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले. बिबट्याला आपला मुलूख असतो. तिथली पायवाट, ओढा, कुत्री, माणसांच्या वेळा तो ओळखतो. अनोळखी ठिकाणी टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर धोक्याचं होतं.

हे वाचताना मला आज्याची गोष्ट आठवली. तिच्यात वाघाला गावापासून दूर पाठवलं आहे, पण हद्दपार केलेलं नाही. त्याला शिवेवर जागा आहे, ठरलेला वाटा आहे, आणि आई त्याला समजावते, बांधत नाही. शेजाऱ्याला त्याच्या जागी राहू द्यावं, त्याच्या वेळा ओळखाव्यात, आपली गुरं सांजेला आत घ्यावीत, हे शहाणपण त्या गोष्टीत आधीपासून होतं. 2021 साली रम्या नायर, धी, अत्रेय आणि इतरांनी मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या पट्ट्यातल्या वाघोबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दीडशेहून जास्त ठाणी त्यांनी नोंदवली. पूजेमुळे नुकसान थांबतं असा दावा त्यात नाही. नुकसान सोसण्याची, त्याचा अर्थ लावण्याची आणि तरीही शेजार न मोडण्याची एक रीत त्यांना तिथं दिसली.

त्या दीडशेतल्या काही ठाण्यांना लोकल आणि रिक्षा करून जाता येतं. दिवाळीनंतर मी गोरेगावला उतरले आणि आरेत गेले. आरे दुग्धवसाहत 1949 सालची. तिथले वारली, कोकणा, मल्हार कोळ्यांचे पाडे त्याआधीचे. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं शंभरेक चौरस किलोमीटरचं रान, दुसऱ्या बाजूला टॉवर. पाड्याच्या वरच्या अंगाला एका खडकाला शेंदूर लावलेला होता, पुढ्यात वाघबारशीची विझलेली उदबत्ती, नारळाची करवंटी, आणि कुणी तरी आणून टेकवलेली वाघावर बसलेल्या देवीची तसबीर.

आरेबद्दल लिहायचं तर एक गोष्ट टाळता येत नाही. 2022 च्या दिवाळीत इथं बिबट्याच्या हल्ल्यात एका तान्ह्या मुलीचा जीव गेला. वाघोबा आणि माणूस यांच्या सहजीवनाची गोड चित्रं रंगवणाऱ्यांनी त्या आईबापांचा विचार आधी करावा. आणि हीच गोष्ट उलट बाजूनंही खरी आहे: जे अशा प्रसंगानंतर सगळे बिबटे उचला म्हणतात, त्यांच्यात पाड्यावरची माणसं फार थोडी असतात. मी एका मावशींना भीत भीत विचारलं, तेव्हापासून वाघोबावरचा विश्वास उडाला का? त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला. "इश्वास म्हंजे काय, ताई? त्या पोरीचं ऐकून आमी झोपलो नाय किती रात्री. वाघोबाला विचारायचं ते विचारलं. साहेबांना सांगायचं ते सांगितलं. दिवे मागितले, ते अर्धे आले. कचरा उचला म्हटलं, कचऱ्यावर कुत्री येतात, कुत्र्यांवर तो येतो. तो उद्या गेला तर इथं कोण येईल ते पण आमाला ठाव हाय." शेवटचं वाक्य म्हणताना त्यांनी हनुवटीनं टॉवरकडे खूण केली.

ते वाक्य माझ्याबरोबर राहिलं. 2019 च्या 4 ऑक्टोबरला रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं तोडायला सुरुवात झाली, आणि 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं पडली होती. पुढच्या वर्षी आरेतले 812 एकर राखीव वन म्हणून जाहीर झाले, ते झाडं वाचवण्यासाठी झालेल्या आंदोलनाचं मोठं फळ. त्या काळात झाडांच्या आकड्यांवर खूप भांडण झालं: किती तोडली, बदल्यात किती लावली. मेट्रो मुंबईला हवीच आहे, मीही तिनं प्रवास करते. पण बदल्यात झाडं लावण्याचा सगळा व्यवहार एक झाड दुसऱ्याच्या जागी चालतं या समजावर उभा आहे. ज्यांचा देव एक विशिष्ट खडक आहे, विशिष्ट ऐन आहे, त्यांना या हिशेबात शिरायला दारच नाही. वाघोबाची फळी हलवून दुसरीकडे रोवता येत नाही असं नाही. सूर्या प्रकल्पासारख्या धरणांनी उठवलेल्या गावांनी देव उचलून नेलेही असतील. पण वाघ बरोबर नेता येत नाही, आणि मग त्या फळीशी बोलायचं ते कशाबद्दल?

म्हणूनच मला आजच्या काळात या श्रद्धेचं महत्त्व निव्वळ भावनेचं वाटत नाही. नदी, डोंगर, जनावर यांना वाटाघाटीतला दुसरा पक्ष मानायचं की माणसाच्या मालकीची वस्तू, हा कायद्याचा प्रश्न होऊन बसला आहे. न्यूझीलंडच्या संसदेनं 2017 साली वांगानुई नदीला व्यक्तीचे हक्क दिले. तिच्या वतीनं बोलायला दोन माणसं नेमली, एक सरकारकडून, एक माओरींकडून. त्याच वर्षी उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं गंगा-यमुनेला तसा दर्जा दिला आणि काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. त्याआधी, 2013 च्या एप्रिलमध्ये, ओडिशातल्या नियमगिरीवरच्या बॉक्साइटच्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डोंगरिया कंधांच्या धार्मिक हक्कांवर घाला येतो का, ते ग्रामसभांनी ठरवावं. नियम राजा हा त्यांचा डोंगर आणि देव. बारा ग्रामसभा भरल्या, बाराही गावांनी खाण नाकारली. या तिन्हींत मला नियमगिरी अधिक मोलाची वाटते. तिथं न्यायालयानं देवाला व्यक्ती ठरवण्याच्या भरीस न पडता, ज्यांचं त्या देवाशी बोलणं आहे त्यांना विचारलं.

महाराष्ट्रात तसं विचारण्याची जागा 2006 च्या वनहक्क कायद्यात आहे. सामूहिक हक्काचा दावा करताना पुरावा म्हणून चराई, कंदमुळं गोळा करायच्या जागा, मसणवटा यांच्याबरोबर देवस्थानंही चालतात. हिवाळ्यात डहाणू तालुक्यातल्या एका गावात असा दावा तयार होताना पाहायला मिळाला. ग्रामसभेतली दहा-पंधरा माणसं, दोघं म्हातारे, वनहक्क समितीवरची बी.ए. झालेली एक मुलगी आणि तिच्या मोबाइलवरचं जीपीएस. सकाळपासून डोंगराची कड धरून चालत होतो. जुनी विहीर, नोंद. मसणवट, नोंद. कारवीचा पट्टा, नोंद. मग सगळे एका दगडापाशी आले. शेंदूर फिकट झालेला, वाघाची आकृती ओळखू येईल इतकीच.

इथं भांडण लागलं. एक म्हातारा म्हणाला, वाघोबा आपला. दुसरा म्हणाला, पलीकडच्या गावाचाही आहे, ते लोक वाघबारशीला उगवतीकडून येतात, आपण मावळतीकडून. मग रेघ दगडाच्या अलीकडून ओढायची की पलीकडून? मुलीनं सांगितलं की नकाशावर रेघ कुठून तरी जायलाच हवी, एका बिंदूचे दोन मालक दाखवता येणार नाहीत. म्हाताऱ्याला हे काही केल्या पटेना. मालक आपण कुठं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. तो आपल्याला राखतो, आपण त्याला. बराच वेळ वाद चालला. मध्येच एकानं पलीकडच्या गावातल्या पाहुण्याला फोन लावला, स्पीकरवर टाकला, तिकडूनही चार माणसं बोलायला लागली.

शेवटी ठरलं की दोन्ही गावांच्या दाव्यांत दगडाची नोंद घ्यायची, आणि अर्जाला वेगळा कागद जोडून लिहायचं की इथं दोन्ही गावांची वाघबारस होते. मुलीनं तसं वहीत उतरवून घेतलं, मोबाइल दगडाजवळ धरला, आकडे वाचले. म्हातारा तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहत होता. "वरचा झरा पण घे," तो म्हणाला, "त्याला पाणी लागतंय." झरा गावाच्या रेघेबाहेर, वनखात्याच्या कंपार्टमेंटमध्ये पडत होता. मुलीनं नकाशा पाहिला, डोंगराकडे पाहिलं, आणि सगळे पुन्हा चढायला लागलो.